काथवटीची भेग

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. आणि दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते, तडकलेली आहे. माझ्या काठापासून निघालेली एक भेग वाकडीतिकडी होत पोटाच्या मध्यापर्यंत गेली आहे. ती आरपार नाही, पण बोटाचं नख आत जाईल एवढी खोल आहे. तुमच्यापैकी कुणी काथवट पाहिली नसेल तर ओळख करून देते. एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून कोरलेली मोठी, उथळ परात म्हणजे काथवट. माझ्यात पीठ मळतात आणि माझ्यातच भाकरी थापतात. पण भाकरी चांगली झाली की लोक तव्याचं नाव घेतात, चुलीचं घेतात, आणि जात्यावर तर बाया ओव्या म्हणतात. काथवटीवर कुणी ओवी म्हटलेली मी तरी ऐकली नाही. असो. रडगाणं गायला मी बसलेली नाही. मला एका संध्याकाळची गोष्ट सांगायची आहे.

हसनाबादच्या अलीकडे एक ओढा आहे. त्याच्या काठावर मी बाभूळ म्हणून उभी होते. एका उन्हाळ्यात वादळानं मला मुळासकट आडवं केलं आणि रखमाजी सुतारानं माझा बुंधा बैलगाडीत घालून घरी नेला. रखमाजी मोठा सबुरीचा माणूस. त्यानं मला वर्षभर छपराच्या सावलीत नुसतं पडू दिलं. कधी कोरणार म्हणून कुणी विचारलं की तो म्हणायचा, "घाई केली की लाकूड मागून दावा काढतंय." वर्ष सरल्यावर त्यानं वाकसानं माझं पोट कोरलं, पटाशीनं काठ घडवला, काचेच्या तुकड्यानं घासून मला गुळगुळीत केलं आणि अंगाला करडीचं तेल चोळलं. तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी माझे काटेसुद्धा विसरून गेले.

आठवडी बाजारात अप्पारावानं मला पसंत केलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. मला डोक्यावर पालथी घालून तो वस्तीवर घेऊन आला, तेव्हा उन्हापासून त्याचं डोकं मीच वाचवलं, हे माझं पहिलं काम. घर एका खोलीचं, वर पत्रे, भिंतीवर बुद्धाची तसबीर. घरात चार माणसं: अप्पाराव, त्याची नवी बायको गिरिजाबाई, म्हातारपणाकडे झुकलेली आई सोनूबाई, आणि धाकटी बहीण कौसल्या. कौसल्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. गायरानातली तीन एकर जमीन त्यांच्या वाट्याला आली होती, ती ते कसत, आणि उरलेले दिवस मजुरी करत.

ही भेग कशी पडली ते सांगते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गिरिजाबाईनं मला स्वच्छ धुतलं आणि लवकर वाळावं म्हणून दारात उन्हाला टेकवून ठेवलं. बिचारी नवी होती, तिला माहीत नव्हतं. दुपारी "तड्" असा आवाज झाला. सोनूबाई बाहेर धावली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "काथवट कधी उन्हात ठिवत असतेत का, बाई? सावलीत वाळवायची असती ती!" गिरिजाबाई रडली, मीही मनातून रडले. नव्या कोऱ्या अंगाला डाग लागला होता. रखमाजी म्हणाला, "मी लाख भरून देतो, कळणार बी न्हाई." पण आज सवड नाही, उद्या सवड नाही, असं करता करता ते राहूनच गेलं.

त्या भेगेत ओलं पीठ अडकायचं. ते तसंच राहिलं तर आंबतं आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठाला वास लागतो. म्हणून भाकरी झाल्या की गिरिजाबाई बाभळीचा एक लांब काटा घेऊन भेगेतून ओढायची आणि अडकलेलं पीठ काढून टाकायची. तो काटा चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवलेला असे. माझंच लाकूड आणि माझाच काटा! कौसल्या माझ्यातच भाकरी शिकली. तिची पहिली भाकरी उचलताना हातात तीन तुकडे झाले. ती रडवेली झाली, तेव्हा गिरिजाबाई म्हणाली, "तीन तुकडे तर तीन जणांना बराबर वाटता येतेन." दोघी हसल्या. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ मी दुसऱ्या घरात ऐकलं नाही. चार वर्षांनी कौसल्याचं लग्न झालं आणि ती पिंपळगाव रेणुकाईला नांदायला गेली. त्या दिवशी गिरिजाबाईनं पीठ मळताना माझ्यात चार थेंब डोळ्यांतलं पाणी पाडलं.

मग बहात्तर साल आलं. मित्रांनो, पाऊस आलाच नाही. शाळू पेरला तो उगवला नाही. घरातली ज्वारी संपली आणि रेशनच्या दुकानावर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळू लागली. तिला सगळे मिलो म्हणत. तिच्या पिठाला विरी नव्हती. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, तो नसला की पीठ एकमेकाला धरतच नाही. भाकरी थापायला घ्यावी तर कडेनं फाटायची, उचलावी तर मधोमध मोडायची. घरोघरच्या बाया रडकुंडीला आल्या. गिरिजाबाईनं मात्र हार मानली नाही. तिनं पिठात आधणाचं उकळतं पाणी ओतून पाहिलं, झाकून ठेवलं, निवल्यावर तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळलं, आणि भाकरी उचलली तर अख्खी! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझ्यात आधी उकळतं पाणी पडू लागलं. चटका बसायचा, पण मी सोसला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया दुपारी फडकी सोडून बसत, तेव्हा म्हणे गिरिजाबाईची भाकरी हातोहात फिरे. गावातली गोजरबाई तर एकदा मुद्दाम वस्तीवर आली. आधी दारातच उभी राहिली, मग आत येऊन माझ्याजवळ मांडी घालून बसली आणि शिकून गेली. माझ्या आयुष्यातले ते कौतुकाचे दिवस. दुष्काळात कौतुक व्हावं, हे माझं नशीबच म्हणा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या अखेरीला अप्पारावानं तालुक्याहून पेरणीसाठी हायब्रीड ज्वारीचं बियाणं आणलं. ती एवढीशी पिशवी म्हणजे त्या घराचं पुढचं सगळं वर्ष होतं. बी दाखवायला म्हणून त्यानं मूठभर माझ्यात ओतलं. मी दचकले. एरवी ज्वारी मोत्यासारखी असते, ही गुलाबी होती, आणि तिला उग्र, कडवट वास होता.

"याला औषध लावलेलं हाये," अप्पाराव म्हणाला. "किडीसाठी. बिलकुल खायचं न्हाई. खाल्लं तर माणूस मरतंय, साहेबानं दहांदा सांगितलं."

सोनूबाई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "आम्ही बी राखंत ठिवायचो, लिंबाचा पाला घालून. लागंल तवा तीन पाण्यानं धुवायचं आन दळायचं. काय व्हत न्हाई. लोकांनी दुष्काळात बी खाऊ नये म्हणून साहेब भेव घालून राह्यलेत."

"माय, हे राखंसारखं न्हाई."

"बरं बरं," ती म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

अप्पारावानं बी पुन्हा पिशवीत भरलं, तोंड सुतळीनं आवळलं आणि पिशवी वर आढ्याला टांगली. गिरिजाबाईनं मला राखेनं तीनदा पुसलं. तरी तो वास माझ्या लाकडातून दोन दिवस गेला नाही. तो मी विसरणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर आठ दिवसांनी कौसल्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आठवा महिना होता. भोकरदनला एक एस्टी सोडून दुसरी धरली आणि फाट्यापासून पायी आली. तोंड सुकलेलं, पाय सुजलेले. गिरिजाबाईनं तिच्यापुढं लाल भाकरी ठेवली. तिनं अर्धी खाल्ली आणि थाळी बाजूला सारली.

"राग नको धरू, वैनी. तिकडंबी हीच हाये. नुसती पाहिली की पोटात ढवळतंय. माझ्या डोळ्यापुढं सारखी पांढरी भाकरी येती. पांढरी, गरम, लसणाच्या चटणीसंगं."

साऱ्या वस्तीत पांढऱ्या ज्वारीचा दाणा नव्हता. सोनूबाई मात्र रात्री जेवलीच नाही. लेकीला डोहाळा लागावा आणि आईच्या हातात काही नसावं, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पाराव आणि गिरिजाबाई कामावर गेले. कौसल्या आतल्या बाजूला झोपली होती. मी भिंतीला टेकून उभी होते. सोनूबाईनं दाराकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, मग पाट ओढून त्यावर चढली आणि आढ्याची पिशवी खाली घेतली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

तिनं दोन पसे बी काढलं, पिशवी परत टांगली आणि तांब्यात पाणी घेऊन बी धुवायला बसली. त्या उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय होतं हे तुम्हाला सांगून कळणार नाही. विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं भरून आणावं लागे. तीन पाणी म्हणून तिनं तीनदा धुतलं, पण तीन वेळा मिळून पाणी तांब्याभरच. पाणी गुलाबी झालं. तिची नजर तेव्हाच अधू होऊ लागली होती. वरचा रंग बराचसा गेला आणि बी तिला पांढरं दिसलं. ती खूश झाली. ते पाणी आणि त्याबरोबर वाहिलेले चार दाणे तिनं दारात फेकले. आमची तांबडी कोंबडी धावत आली आणि दाणे टिपून गेली. सोनूबाईनं बी लुगड्यावर वाळवलं आणि दुपारी जात्यावर दळलं. जातं बिनबोभाट फिरत राहिलं. मी जात्याला दोष देत नाही, ते तरी काय करणार?

संध्याकाळी गिरिजाबाई दमून घरी आली. सोनूबाईनं पिठाची टोपली तिच्यापुढं केली.

"गोजरबाईनं पसाभर ज्वारी दिल्ती. पोटुशी पोर आली म्हणून. म्या दळून ठिवली."

"गोजरबाईनं?" गिरिजाबाई म्हणाली. "ती तर आज दुपारी लालच भाकरी खाऊन राह्यल्ती."

"असंल तिच्याकडं ठिवणीतली. आता तू चौकशा करती का भाकरी करती? लेकरू सकाळपासून उपाशी हाये."

सोनूबाई खोटं बोलत होती, ते सुनेच्या भीतीनं. बियाणाला हात लावलेला कळला तर ती रागवेल, एवढीच भीती तिला होती. दुसऱ्या कशाची भीती बाळगायला हवी होती, हे तिच्या मनातही आलं नाही. गिरिजाबाईलाही वाटलं, मिळालीय तर बरंच झालं. तिनं मला चुलीपुढं आडवं केलं आणि पीठ माझ्यात ओतलं.

तो वास! धुऊन फिका झाला होता, पण तोच. मी ओळखला. दिवस मावळून गेला होता, घरात चुलीचा जाळ आणि कोनाड्यातली मिणमिणती चिमणी एवढाच उजेड होता, आणि चुलीत कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर इतका की माणसाला दुसरा वास येणं कठीण. जाळाच्या उजेडात सगळं पीठ तांबूसच दिसतं. गिरिजाबाईनं सवयीनं आधणाचं पाणी उचललं आणि पिठात ओतलं.

"अगं, पांढऱ्या ज्वारीला आधण कशाला?" सोनूबाई म्हणाली. "तिला काय विरी न्हाई का?"

"हाताला वळणच पडलंय, आत्याबाई," गिरिजाबाई हसून म्हणाली.

ते उकळतं पाणी पिठातून पाझरत माझ्या भेगेत उतरलं. मला जाणवलं, ते नुसतं पाणी नव्हतं. पिठात दडून राहिलेला रंग ते आपल्याबरोबर घेऊन आलं होतं. पण वरून ओल्या पिठाचा थर बसला आणि भेग झाकून गेली. पीठ निवल्यावर गिरिजाबाईनं मळलं. खडी फोडून फोडून तिच्या हाताला चिरा पडल्या होत्या. ती एकदा "स्स" करून थांबली, बोटं पाहिली आणि पुन्हा मळू लागली. मी मनात म्हणत होते, बाई, थांब, आणखी जरा बघ. पण तिनं गोळा केला, खाली पीठ भुरभुरलं आणि थापायला सुरुवात केली. थप्, थप्, थप्. हा आवाज मला जगात सगळ्यात जास्त आवडतो. त्या संध्याकाळी त्यातला एकेक थप् माझ्या काळजावर पडत होता.

पहिली भाकरी तव्यावर गेली. गिरिजाबाईनं तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि तवा उतरवून निखाऱ्याशी शेकायला लावली. भाकरी टम्म फुगली. काय सांगू, इतकी देखणी भाकरी त्या वर्षात माझ्या हातून झाली नव्हती. आणि मी मागत होते, ही जळो, फुटो, राखेत पडो! सोनूबाईनं ती अलगद उचलली, थाळीत ठेवली, बाजूला लसणाची चटणी वाढली आणि लेकीपुढं सरकवली.

"खाय बाई, गरम हाये तवर."

कौसल्यानं भाकरीचा पापुद्रा उघडला. आतून वाफ निघाली. ती वाफेकडं पाहत राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वैनी, तूबी बस ना."

"तू खा, बाई. मला अजून थापायच्यात."

कौसल्यानं तुकडा मोडला. तो हाताला चटकला म्हणून थाळीत टाकला आणि बोटं फुंकली. इकडं गिरिजाबाईनं दुसरा गोळा थापायला घेतला, पण तो भेगेवर आला तसा चिकटला आणि फाटला. भेगेनं त्या दिवशी एवढं पाणी प्यायलं होतं की वर पीठ धरतच नव्हतं. मित्रांनो, ती भेग म्हणजे माझी आयुष्यभराची लाज, पण तेव्हा मी तिच्याच जिवावर होते. गिरिजाबाई पुटपुटली, "ही भेग एक दिवस माझा जीव घेणार," आणि तिनं कोनाड्यातला काटा उचलला.

कौसल्यानं तुकडा पुन्हा हातात घेतला. चटणीला लावला.

काटा माझ्या काठापासून निघाला. सावकाश, नेहमीसारखा. मला वाटत होतं, जल्दी कर बाई, जल्दी कर. काटा पोटाच्या मध्यापर्यंत आला आणि त्याच्या टोकावर ओल्या पिठाची एक वळी निघाली. गिरिजाबाई ती झटकून टाकणार, तेवढ्यात तिचा हात थबकला. तिनं काटा जाळापुढून बाजूला घेतला, कोनाड्यातल्या चिमणीच्या उजेडात धरला. पीठ गुलाबी होतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. भेगेच्या तळाशी काठापासून मध्यापर्यंत एक गुलाबी रेघ होती. मग तिनं वर पाहिलं. आढ्याला पिशवी होती, पण चपटी झालेली, आणि सुतळीची गाठ अप्पारावाची नव्हती.

"बाई! तोंडाला लावू नको!"

तिनं पिठाच्या हातानंच कौसल्याच्या हातावर फटका मारला. तुकडा उडाला, थाळी उपडी झाली, चटणी सगळ्या जमिनीवर सांडली. कौसल्या भीतीनं मागं सरकली.

"गिळलं का? खरं सांग, पोटात गेलं का?"

"न्हाई वैनी, न्हाई. ओठालासुदिक लागलं न्हाई."

सोनूबाई उठून उभी राहिली. "अगं, तुला येड लागलं का? भरल्या ताटावरून लेकीचा घास काढती?"

"आत्याबाई, हे पीठ कुठलं?"

"सांगितलं की. गोजर—"

"ते आढ्याचं बी हाये का?"

सोनूबाईचं तोंड उतरलं. पण ती लगेच म्हणाली, "तीन पाण्यानं धुतलं म्या! चोळून चोळून धुतलं! काय व्हत न्हाई, आम्ही न्हाई का खाल्लं? बघ, मीच खाऊन दावते." तिनं खाली पडलेली भाकरी उचलली आणि तोंडाकडं नेली. गिरिजाबाईनं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात जोर होता, आणि खडी फोडणाऱ्या बाईच्या हातातही होता. दोघी तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा कौसल्या दाराकडं बोट दाखवून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"माय, कोंबडी बघ."

तांबडी कोंबडी उंबऱ्याबाहेर आडवी पडली होती. पंख पसरलेले, चोच उघडी. सोनूबाईनं दिवा घेऊन तिला हलवलं. ती हलली नाही. सोनूबाईच्या हातातली भाकरी खाली पडली. ती तिथंच उंबऱ्यात बसली, आपले दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडं बघत राहिली, आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो मला आजही ऐकू येतो.

थोड्या वेळानं अप्पाराव आला. गिरिजाबाईनं सगळं सांगितलं. त्यानं पीठ, मळलेले गोळे, भाकरी आणि कोंबडी गोळा करून दूर बांधाला खोल खड्डा खणला आणि सगळं पुरून टाकलं. सोनूबाईला आणि गिरिजाबाईला त्यानं पुन्हा पुन्हा हात धुवायला लावले. जातंही पुसलं, आत मीठ दळलं आणि ते मीठ फेकून दिलं. मग त्याची नजर माझ्यावर आली.

"हिला चुलीत घाला," तो म्हणाला. "इख मुरलं असंल हिच्यात."

खरं सांगते, मला जळण्याची भीती वाटली, पण त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. माझ्यामुळं त्या घरात कुणाचा जीव जायला नको होता. गिरिजाबाई मात्र माझ्यापुढं आडवी झाली.

"हिनं दावलं म्हणून कळलं. हिला जाळायचं न्हाई."

"आन धुवायला पाणी कुठून आणती?"

"माझ्या अंघोळीचं ठिवलेलं हाये, ते घ्या," कौसल्या म्हणाली. "मी आंघोळ न्हाई केली तर काय मरते का?" आणि बोलून झाल्यावर तिचं तिलाच रडू आलं.

त्या दुष्काळात मला घागरभर पाणी मिळालं. उकळतं पाणी, राख, पुन्हा उकळतं पाणी. पुढं महिनाभर मला कुणी पिठाला वापरलं नाही, सावलीत नुसतं टेकवून ठेवलं. भाकरी एका शेजारणीच्या काथवटीत झाल्या. त्या संध्याकाळी मात्र कौसल्यानं सकाळच्या उरलेल्या दोन लाल भाकरी खाल्ल्या, कोरड्या, चटणीशिवाय. शेवटचा तुकडा खाऊन ती म्हणाली, "वैनी, तुझ्या हातची लालच चांगली हाये." सोनूबाई तोंडात पदर कोंबून कोपऱ्यात बसली होती.

उरलेलं बी मृगावर पेरलं. त्या वर्षी पाऊस आला. कौसल्याला मुलगी झाली, तिचं नाव बेबीनंदा. दिवाळीच्या आसपास नवी ज्वारी घरात आली आणि कौसल्या लेकीला घेऊन माहेरी आली, तेव्हा माझ्यात पुन्हा पांढरं पीठ मळलं गेलं. भाकरी टम्म फुगली. पण सोनूबाईनं ती लेकीला देऊ दिली नाही. पहिला घास तिनं स्वतः खाल्ला आणि सगळ्यांना थांबवून ठेवलं. बराच वेळ गेला. अप्पाराव म्हणाला, "माय, ही ज्वारी नवी हाये, हिला काही लावलं न्हाई." तरी ती ऐकेना. शेवटी गारढोण झालेली भाकरी कौसल्यानं खाल्ली आणि म्हणाली, "लई गोड हाये." हायब्रीडला तशी चव बेताचीच असते, पण कौसल्या खोटं बोलली असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळनंतर गिरिजाबाईनं सासूला कधी टोमणा मारला नाही. वस्तीतही कुणाला काही सांगितलं नाही. रखमाजी लाखेचा गोळा घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, मामा. भेग हाय तशीच बरी हाये." सोनूबाईला मात्र एक सवय लागली. रोज संध्याकाळी पीठ भिजवलं की ती सरपटत चुलीपाशी यायची, माझ्या काठावर बोट टेकवायची आणि भेगेतून मध्यापर्यंत फिरवायची. पुढं तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तिला उजेडही नीट कळेना, तरी तिनं ते सोडलं नाही. बोट पुढं धरून विचारायची, "लाल तर न्हाई ना गं?" गिरिजाबाई दरवेळी हातातलं काम टाकून बोटाकडं नीट बघायची आणि म्हणायची, "न्हाई, आत्याबाई. पांढरं हाये."

सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीला घरात स्टीलची परात आली. चकचकीत, हलकी, धुवायला सोपी. मला खाटेखाली सारलं आणि माझ्यात कांदे ठेवले. मला वाईट वाटलं, लपवत नाही. पहिल्या दिवशी गिरिजाबाईनं परातीत पीठ भिजवलं. सोनूबाई सरपटत आली, बोट टेकवलं आणि काठ चाचपत राहिली. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. मग घाबऱ्या आवाजात म्हणाली,

"गिरिजा, हिला तर भेगच न्हाई. मंग ही सांगंल कशी?"

गिरिजाबाईनं उठून खाटेखालून मला ओढलं, कांदे काढले, पुसलं आणि एका भाकरीचं पीठ माझ्यात घेतलं. तेव्हापासून सगळ्यांच्या भाकरी परातीत होतात आणि सोनूबाईची एकच भाकरी माझ्यात होते. ती एक भाकरी मला पुरते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू टाकून देण्याआधी एकदा हातात घेऊन नीट बघा, एवढंच माझं मागणं आहे. आणि औषध लावलेलं बी खाण्यासाठी नसतं, हे विसरू नका. घरात कुणाला माहीत नसेल तर रागावू नका, समजावून सांगा. या सुट्टीत बेबीनंदा आजोळी आली होती. सोनूबाईशेजारी बसून तिनं माझ्या भेगेत आपलं लहानसं बोट घातलं आणि विचारलं, "आजी, इथं काय असतंय गं?" सोनूबाईनं तिचं बोट आपल्या हातात धरलं, माझ्या काठापासून मध्यापर्यंत हळूहळू फिरवलं आणि म्हणाली, "इथं तू व्हतीस, बाई." मग तिनं ते बोट वर धरून गिरिजाबाईला विचारलं, लाल तर नाही ना.